धुतलेल्या शेंगा

गावेराने शर्टाची बाही दंडापर्यंत दुमडली, पोत्याची शिवण उसवली आणि हात कोपराच्याही वर आत घातला. आत गेलेला हात मग हलेना. अडलेल्या गाईच्या पोटात वासरू चाचपणारा माणूस बघतो, तसा तो कुठेच न बघता समोर बघत राहिला. कडेने उभ्या असलेल्या बायकांची बडबड हळूहळू थांबली.

"शेंगाच आहेत रे आत," तबिता म्हणाली. "साप नाही ठेवलेला."

बायका हसल्या. गावेरा हसला नाही. तो लाए शहरातल्या पीनट बटर कारखान्याचा खरेदीवाला, किनाऱ्याकडचा, पोट सुटलेला आणि स्वभावाने मऊ माणूस. मागच्या खेपेला आला तेव्हा इथली भाजलेली केळी खाऊन त्याने अख्ख्या गावाला हसवलं होतं. आज त्याने हात बाहेर काढला, मूठ उघडली, दोन शेंगा फोडल्या आणि दाणे नाकाशी नेले. मग तो दुसऱ्या पोत्याकडे वळला.

सिपोरा त्याच्या मागोमाग दुसऱ्या पोत्यापर्यंत गेली. पोती आठच होती. पण त्या आठांवर काय काय टांगलेलं आहे, ते तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

एका माणसाला ते ठाऊक असूनही त्याची चिंता नव्हती. तिचा मोठा दीर बाइंग ओंडक्यावर बसून सुपारी चघळत होता. चुन्याची काडी तो सावकाश चाटायचा आणि लाल पिंक थेट पायाजवळ टाकायचा. त्याच्या झोळीत एक कागद होता. मार्खम नदीकाठचा सगळा सपाट पट्टा नीलगिरी लावणाऱ्या कंपनीला तीस वर्षांसाठी देण्याचा तो करार. कुळाच्या बाकी कर्त्या पुरुषांनी सह्या केल्या होत्या. बाइंगची राहिली होती, आणि ती राहिली होती सिपोरामुळे.

पट्टा कुळाचा, म्हणजे पुरुषांचा. पण त्यात राबायच्या बायका. भुईमूग उपटायचा, ओढ्यात खळखळून धुवायचा, पाल्यासकट जुड्या बांधायच्या आणि हमरस्त्यावर नेऊन येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रकमधल्या उतारूंना विकायच्या. पुरुष त्याला बायकांच्या मिठामिरचीचं पीक म्हणत. ईस्टरनंतरच्या बैठकीत कंपनीचा विषय निघाला तेव्हा सिपोरा उठून उभी राहिली होती. नवरा जाऊन तीन वर्षं झालेली बाई पुरुषांच्या बैठकीत उभी राहते, यानेच निम्मे जण बिथरले. पण ती बोलली. म्हणाली, दूर आर्जेन्टिना म्हणून मुलूख आहे, तिथे दोन वर्षं पावसाने तोंड फिरवलंय. जगाला दाणा पुरवणारे तेच, म्हणून लाएच्या दुकानात अकरा किना मोजून मिळणारी पीनट बटरची बरणी एकोणीसवर गेलीय. आजवर बाहेरच्या दाण्यावर चाललेला कारखाना आता आपल्या खोऱ्यातली शेंग मागतोय. एक मोसम द्या. माल त्यांनी घेतला तर पट्टा आमच्याकडे राहू द्या.

"आणि नाही घेतला तर?" बाइंगने विचारलं होतं.

"तर तुम्ही सही करा. मी तोंड उघडणार नाही."

त्या एका वाक्यावर तिने सगळं लावलं होतं. नीलगिरी एकदा लागली की तीस वर्षं तिथे कुदळ चालणार नव्हती. तिला दुसरी जमीन नव्हती, माहेरी परत जायचं वय नव्हतं. तिच्याबरोबर पट्ट्यात राबणाऱ्या बाकी दहाजणींचंही थोड्याफार फरकाने तेच.

गावेराने तिसरं पोतं उसवलं. तेवढ्यात सिपोराच्या ब्लाउजची बाही कुणीतरी ओढली. मागे यानम उभी होती, तिची सासू. सत्तरी उलटलेली, वाकलेली आणि दात गेल्यामुळे सदा हसतेय असं वाटणारी. या क्षणी ती खरोखरच हसत होती.

"शोधू दे त्याला," ती कानाशी कुजबुजली. "मातीचा कण सापडायचा नाही."

"का हो, आई?"

"धुतल्यात मी. सगळ्या. तू लाएला गेली होतीस ना, आणि ह्या बाकीच्या चर्चच्या मेळाव्याला, तेव्हा. दोन दिवस लागले बघ. झोळीत भरून ओढ्यावर न्यायच्या, धुवायच्या, चटईवर पसरायच्या, परत भरायच्या. पोती पण मीच शिवली. कळलं तरी का तुला?"

सिपोराला कळलं नव्हतं. पोती होती तशी खांबांवरच्या घराखाली रचलेली दिसली होती.

"मी नको म्हणाले होते ना धुवायला?"

"म्हणाली होतीस. आम्हाला त्रास नको म्हणून म्हणाली असणार, मला काय समजत नाही?" यानमने तिचा दंड दाबला. म्हातारीच्या बोटांची कातडी अजून सोललेली होती. "लाएचे लोक खाणार, शहरातली पोरं खाणार. त्यांना काय मातीचं खायला घालायचं? आपल्या घराची लाज नको राखायला?"

ती इतकी खुश होती की सिपोराला तिच्याकडे बघवेना. मोसमाच्या सुरुवातीला लाएला कारखान्याच्या शिकवणीच्या दिवशी एकट्या सिपोराला सांगितलं होतं, की वाळलेली शेंग पुन्हा पाणी प्यायली आणि पोत्यात गेली की संपलं. गावात येऊन तिने बाकीच्यांना फक्त एवढंच सांगितलं, की धुवायचं नाही, गोणपाटाने पुसायचं. का, ते सांगायचं राहून गेलं. कामाच्या घाईत वाटलं, सांगितलेलं ऐकतील, पुरे. आणि म्हातारीला तर वेगळं काहीच सांगितलं नव्हतं. जी बाई साठ वर्षं शेंग धुऊन विकत आली, तिला कारण सांगायला हवं होतं. ही चूक माझी, सिपोराच्या मनात आलं, आणि त्याने काही बरं वाटलं नाही.

त्यात ट्रक सोमवारी यायचा तो पुलाच्या कामामुळे अकरा दिवस उशिरा आला. आणखी अकरा दिवस शेंगा पोत्यात बंद होत्या.

आठवं पोतं झाल्यावर गावेराने हात पुसले आणि तिला मानेनेच ट्रकमागे बोलावलं.

"ताई, सगळा माल आतून गरम आहे," तो हळू आवाजात म्हणाला. त्याने तळहातावर चार दाणे धरले. दोन गोरेपान होते. उरलेल्या दोहोंच्या चिरेत हिरवट, राखाडी तंतू होता. "वरचे चांगले दिसतात. पण बुरशी सुरू झाली. मी घेऊ शकत नाही."

"वाळवून? निवडून?"

"जे दिसतं ते निवडशील. ह्या बुरशीचं विष दिसत नाही, वास येत नाही, भाजून जात नाही. आमच्याकडे एका पोत्यासाठी शंभर पोती फेकतात." त्याने मूठ मिटली. "आणि ऐक. घरी पण खायच्या नाहीत. एकदा खाल्ल्याने कदाचित कुणाला काही होणार नाही. पण आठ पोती आहेत. महिना-दोन महिने पोरांच्या पोटात जात राहिल्या तर यकृत जाईल. डुकरांना पण घालू नकोस. जाळून टाक."

सिपोराने मान हलवली. ट्रकच्या चाकाला लागलेला चिखल ती नखाने खरवडत होती.

"मी त्यांना सांगतो," गावेरा म्हणाला. "तुझा दोष नाही म्हणून सांगतो. पाणी कुठून तरी लागलंय."

"नको."

"नको म्हणजे?"

"पाणी लागलं म्हणालास की कुठून लागलं ते विचारतील. आणि म्हातारी आपल्या तोंडाने सांगेल. अभिमानाने सांगेल." तिने त्याच्याकडे पाहिलं. "तू इथला नाहीस. अकरा घरांचा घास जिच्या हातून नासला, त्या म्हातारीला इथे पुढे काय काय म्हणतील, ते मला माहीत आहे. आधी नासाडी म्हणतील. मग कुणाचं पोर आजारी पडलं की चेटकीण म्हणतील."

गावेराने मुठीतले दाणे खिशात टाकले. किनाऱ्याकडचा असला तरी असल्या गोष्टी त्याने ऐकलेल्या होत्या.

"सांग, की भाव पडला," ती म्हणाली. "आर्जेन्टिनात पाऊस झाला, कारखाना आता बाहेरचाच माल घेणार."

"खोटं बोलू?"

"पूर्ण खोटं आहे का?"

"पाऊस झालाय खरा. तिकडे यंदा पीक चांगलं आहे म्हणतात. पुढच्या वर्षी जहाजं भरून येतील, मग साहेब लोक या खोऱ्यात माणूस पाठवतील की नाही, देव जाणे." तो कसनुसा हसला. "बरणी मात्र एकोणिसालाच राहील. चढलेला भाव दुकानदार कधी खाली आणतो का?"

"मग सांग."

"जाळशील ना? वचन दे."

"दिलं."

गावेराने सगळ्यांसमोर उभं राहून सांगितलं. तो चांगला खोटारडा नव्हता. बोलताना बूट बघत होता. पण लाजणारा खरेदीवाला बायकांनी आधी पाहिलेला नसल्यामुळे ते खपून गेलं.

"म्हणजे पाऊस पडला तिकडे," तबिता कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आणि पोती परत आमची?"

"असंच आहे, मावशी."

"ते आर्जेन्टिनावाले आपल्याला ओळखतात का रे?"

"नाही."

"मग कशावरून वाकडे आहेत आमच्यावर?"

हसू फुटलं. रडायच्या जागी हसायची या बायकांची जुनी खोड. गावेरा ट्रकमध्ये चढला. निघताना त्याने सिपोराकडे एकदा पाहिलं, तिने मान हलवली, आणि ट्रक धुळीत दिसेनासा झाला.

आता सगळे बाइंगकडे बघू लागले. त्याने चोथा थुंकला, झोळीत हात घातला, कागद काढला, उलगडला. सिपोरा जमिनीकडे बघत उभी राहिली. तिने शब्द दिला होता; तोंड उघडायचं नव्हतं.

बाइंगने कागद पुन्हा घडी घातला.

"माल वाईट निघाला असता तर गोष्ट वेगळी," तो म्हणाला. "तुम्ही पिकवलं, वाळवलं, पोती भरून दाखवली. मला वाटलं नव्हतं तुमच्याने होईल. आता समुद्रापलीकडे पाऊस पडला, त्याला तुम्ही काय करणार?" त्याला स्वतःचा मोठेपणा आवडत होता हे दिसत होतं, पण म्हणून तो खोटा नव्हता. "पुढचा मोसम घ्या. कंपनीला सांगतो, थांबा म्हणून."

बायकांनी ओरडून त्याचं स्वागत केलं. कुणीतरी त्याच्या पाठीत धपाटा घातला आणि तो खेकसला. सिपोराचा जीव भांड्यात पडला. ती तिथेच खाली बसली. एक वर्ष मिळालं होतं. एका वर्षात ती सगळं नीट करणार होती. सगळ्यांना कारणं सांगणार होती, म्हातारीला तर सर्वांत आधी, शेजारी बसवून. ती डोळे मिटून हे सगळं ठरवत असतानाच तिला टरफल फुटल्याचा आवाज आला.

तबिताने पोत्यात हात घातला होता.

"बघा तरी काय लख्ख झाल्यात! पुसून पुसून हात झिजले त्याचं चीज झालं म्हणायचं. भाव पडला म्हणून चव थोडीच पडली? चला ग, झोळ्या आणा."

"थांबा," सिपोरा उठली. "आज नको. उद्या वाटू."

"उद्या कशाला? आज पोट नाही का?"

"मी म्हणते म्हणून."

"बाई मोठी झाली," तबिता बाकीच्यांना म्हणाली, आणि पुन्हा हशा पिकला. कुणीतरी भांडं चुलीवर ठेवायला पळालं. पोरं गोळा झाली. यानम मधोमध बसून पोत्यातून ओंजळी भरभरून देत होती, आणि देताना प्रत्येक ओंजळीकडे एकदा कौतुकाने बघत होती. आज तिच्या हातच्या शेंगा गाव खाणार होतं. शहर नाही तर गाव.

सिपोरा घोळक्यात शिरली. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. त्या वाक्यापाठोपाठ यानम म्हणाली असती, अग पण मी तर धुतल्या होत्या. मग बाइंगचा कागद, आणि मग म्हातारीचं जे व्हायचं ते. दुसरं काही वाक्य तिला सुचेना. चार-पाच वर्षांची एक पोर दाताने शेंग फोडत होती. सिपोराने ती तिच्या तोंडातून ओढून काढली. पोरगी भोकाड पसरून रडू लागली.

ती घरात गेली आणि रॉकेलचा डबा घेऊन आली.

पहिल्या पोत्यावर तिने डबा उपडा करेपर्यंत कुणाच्या काही लक्षातच आलं नाही. वासाने माना वळल्या. दुसऱ्या, तिसऱ्या पोत्यावर धार पडली तेव्हा तबिता धावली, आणि सिपोराने तिला एका हाताने असं ढकललं की ती बसलीच.

"वेड लागलं का तुला? अन्न आहे ते!"

"माझं आहे," सिपोरा म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू येईना. "माझ्या बोलण्यावर पिकलं. त्यांना नको तर कुणालाच नको. झोळ्या पण रिकाम्या करा. सगळ्या. एक दाणा ठेवायचा नाही."

"भाव नाही मिळाला म्हणून पोरांच्या तोंडचं काढतेस?"

"हो."

चुलीतलं जळतं लाकूड आणायला ती गेली तेव्हा सगळे बाजूला सरले. आडवं कुणी आलं नाही. त्यांच्या तोंडावर राग नव्हता, घृणा होती. उपाशी दिवस बघितलेली ही माणसं. खाली पडलेलं केळंसुद्धा उचलून पुसून खाणारी. पोत्यांनी पेट घेतला, आणि भाजलेल्या शेंगांचा वास, तोच तो ओळखीचा, तोंडाला पाणी सुटणारा वास सगळ्या अंगणात भरला. आता काही पोरं रडत होती.

यानम जागची हलली नव्हती. तिच्या मांडीवर एक ओंजळ तशीच होती.

"मी धुतल्या होत्या ग त्या," ती म्हणाली, आता मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. "दोन दिवस धुतल्या होत्या."

"ऐकलंत?" तबिता उठून कपडे झटकत होती. "म्हातारीने या वयात एवढं केलं, आणि हिने बघा."

सिपोरा वाकली आणि तिने सासूच्या मांडीवरची ओंजळ उचलून आगीत टाकली. या गावात सून सासूच्या अंगाला असा हात लावत नाही. कुणीतरी श्वास आत घेतल्याचा आवाज झाला.

बाइंग ओंडक्यावरून उठला नव्हता. त्याने कागद मांडीवर उलगडला आणि कुणाकडे तरी पेन मागितलं.

"एका वाईट बातमीला अन्न जाळते ती बाई," तो म्हणाला. ओरडला नाही. "हिच्या भरवशावर मी कुळाची जमीन ठेवणार होतो."

त्याने सही केली. सिपोरा काही बोलली नाही. तिने शब्द दिलेला होता.

दिवस कलेपर्यंत आग विझत आली. काठीने उकरून उकरून ती एकेक काळी शेंग आगीत सारत होती. तिच्याशी कुणी बोललं नाही. घरात यानम आवरत होती. तिने चटई गुंडाळली, दोन ब्लाउज घेतले, आणि तबिता तिला न्यायला आली तशी आपली विणलेली झोळी पाठीवर घेऊन, तिचा पट्टा कपाळावर अडकवून शिडी उतरली.

सिपोरा शिडीखाली उभी होती.

"झोळी दाखवा, आई."

म्हातारी समजली नाही. मग समजली. चाळीस वर्षं याच घरात राहिलेल्या बाईला चोरासारखं थांबवलं जात होतं, आणि तेही तबितासमोर. तिने झोळी काढून दिली.

सिपोराने ती जमिनीवर उपडी केली. ब्लाउज, चुन्याची डबी, चर्चचं भजनाचं पुस्तक. ब्लाउजच्या बाहीत एक गाठ होती. गाठीत मूठभर शेंगा, निवडलेल्या, सगळ्यांत गोऱ्या, सगळ्यांत स्वच्छ.

"एवढ्या तरी," यानम म्हणाली.

सिपोराने त्या मोजल्यासारख्या एकेक करून राखेतल्या निखाऱ्यांवर टाकल्या आणि प्रत्येक जळेपर्यंत बघत उभी राहिली. मग ब्लाउजची घडी घातली, सगळं परत झोळीत भरलं आणि झोळीचा पट्टा म्हातारीच्या कपाळावर नीट बसवायला हात पुढे केला. यानमने मान बाजूला घेतली. झोळी तिने स्वतःच अडकवली आणि तबिताचा हात धरून ती चालू लागली.